गाडीनं ॲव्हरेज दिलं
कापूस पिंजायचं मशीन छोट्या ट्रेलरवर लादून, ट्रेलर डिझेल कारला जोडून महेमूद आणि चाँदबी सकाळपासून अंबडकडची खेडी फिरत होते. गाडी तेल कमी पिते म्हणून नवरा कुठं टेकतच नव्हता. पिंजायला गादी एकही मिळाली नव्हती. परतताना गाडी अचानक हलकी पळू लागली. "आज म्हातारी ॲव्हरेज देऊन राह्यली," महेमूद खुलला. कंबर अवघडलेल्या चाँदबीनं मागं पाहिलं. "ट्रेलर कुठंय, जी?" शेवटच्या गावात गाडी वळवायला तो सोडवला होता, जोडायचाच राहिला. मशीन गेलं तर चूल बंद. दोघं धास्तावून माघारी फिरले. पिंपळाखाली ट्रेलर तसाच होता, भोवती गाद्यांचा ढीग. "दरवेळी भोंगा वाजवत पळता, आज थांबलात म्हणून काढल्या," एक आजी म्हणाली. चाँदबीनं ढिगाकडं पाहिलं आणि सगळ्यांत जाड गादीवर आधी स्वतःच आडवी झाली.