चिठ्ठी आहे तशी वाचायची

पहिली चिठ्ठी उघडून शवागारातल्या मदतनिसाने चष्मा नाकावर नीट बसवला. चष्मा गेल्याच महिन्यात लागलेला. त्याआधी बारीक अक्षर म्हणजे त्याला मुंग्यांची रांग. वर्गाच्या बाईंनी नियम घालून दिला होता: चिठ्ठीवर नाव नको, आणि पाहुण्यांनी ती आहे तशी मोठ्याने वाचायची.

"मेलेल्या माणसाला थंडी वाजते का?"

"नाही. थंडी आम्हालाच वाजते. आत जाताना मी दोन स्वेटर घालतो."

वर्ग हसला. शेवटच्या बाकावरची त्याची मुलगी तेवढी मान खाली घालून बसली होती. बापाच्या कामाची पोरीला लाज वाटते, हे त्याला कळत होतं. त्यालाही वाटायचीच, शेजारीपाजारी त्याच्याशी हात मिळवायचं टाळायचे. सकाळी तर तिने, बाबा, आज आजारी पडा ना, अशी गळ घातली होती. तीन महिन्यांपूर्वी वाढदिवसाला त्याने हौसेने दिलेलं घड्याळही घातलं नव्हतं. पट्टा टोचतो म्हणाली.

तरी तो आला होता. निदान एकदा तरी पोरीला चारचौघांत बापाचा अभिमान वाटावा, एवढंच त्याला हवं होतं.

प्रश्न येत गेले. मेल्यावर नखं वाढतात का? वाढत नाहीत, कातडी आक्रसते म्हणून तशी दिसतात. भीती वाटते का? पहिल्या दिवशी पाय लटपटले होते, आता फक्त साहेबांची वाटते. यावर बाईसुद्धा हसल्या. लहान मुलंही येतात का? येतात, म्हणाला, त्यांचे केस मी विंचरून देतो.

"त्यांच्या अंगावरच्या वस्तूंचं काय करता?"

"पाकिटात घालतो, वर नाव लिहितो आणि घरच्यांच्या हातात देतो."

बाईंनी टाळ्या वाजवल्या, मागोमाग मुलांनीही. त्याचे कान तापले. त्याने घाईघाईने चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घातला.

एकच चिठ्ठी उरली होती, चार घड्या घातलेली. अक्षर घरचं होतं. त्याने वर पाहिलं, तर मुलगी थेट त्याच्याकडेच बघत होती. सगळ्यांदेखत पोरीने आपल्यालाही प्रश्न विचारला, या विचाराने त्याला भरून आलं. घसा खाकरून त्याने खणखणीत आवाजात वाचलं:

"घड्याळाच्या मागे बारीक अक्षरात 'आमच्या ठकूला, आजोबांकडून' असं कोरलंय, आणि मी ठकू नाही. मग ते कुणाला परत द्यायचं?"