मागून पडणारी थाप

कर्स्टी आजी पोरवयात स्कॉटलंडहून कॅनडातल्या केप ब्रेटनला आली, मासे साफ करता करता उजव्या हाताची दोन बोटं गमावून बसली आणि त्याच हातांनी सहा पोरं वाढवली. तिच्या आठवणीसाठी आज बायका टेबलाभोवती बसून, तिकडच्या रिवाजाप्रमाणे वीण घट्ट व्हावी म्हणून, गात गात एका तालात नवी, ओली घोंगडी टेबलावर आपटत होत्या. तिची खुर्ची रिकामी ठेवली होती. रीत एकच: गाणं संपलं की हात वर.

"आई शेवटपर्यंत मजेत होती," तिचा थोरला, मर्डो, पाहुण्यांना सांगत होता.

नात एफीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मजेत? चार वर्षं वृद्धाश्रमाच्या खिडकीत तुझी वाट बघत झिजली माझी आजी! एकदा तरी फिरकलास, मामा?"

"आज तरी तोंड आवर, एफी."

तिने दातओठ खात घोंगडी आपटली. सगळ्यांची थाप एकदम पडली. मग, जरा मागून, आणखी एक. अशी मागून फक्त आजीचीच पडायची.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. थाप पुन्हा आली, रिकाम्या खुर्चीपासून.

"खुर्ची रिकामी ठेवता म्हणून भास होतात," म्हणत मामा तिथे बसला आणि घोंगडी आपटू लागला.

गाणं संपलं. सगळ्यांचे हात वर गेले. मामाचे गेले नाहीत. ते आपटतच राहिले, उजव्याची दोन बोटं आत मुडपलेली.

"एफी," त्याला दरदरून घाम फुटला होता, "सांग ना तिला, सोड म्हणावं!"

"तूच सांग की. चार वर्षांचं बोलायचं राहिलंय तुमचं."

आणि एफीने पुढचं गाणं सुरू केलं.