कुरकुर

"गाईंच्या देशात राहून मूठभर चीज कर्ड्ससाठी दोन तास गाडी हाकावी लागते, बोला! आपल्या ख्राइस्टचर्चमध्ये मेले कुठे मिळत नाहीत," शंतनूने पाहुण्यांपुढे बशी सरकवली. "आणि कर्ड म्हणजे दही नव्हे बरं का. चीज होण्याआधीचे हे ताजे तुकडे."

न्यूझीलंडमधली जूनची थंडी. अंगातली जॅकेटं न काढताच पाहुण्यांनी एकेक तुकडा तोंडात टाकला.

"दाताखाली कुरकुरतात ना? ताजेपणाची हीच खूण! फ्रीजच्या गारठ्यात दोन दिवस राहिले, की कुरकुर आपोआप बंद. अनुया, तू का गं गप्प?"

दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून बसलेली त्याची बायको गोड हसली.

"तरीच तू घरात हीटर लावू देत नाहीस!"