मध्यंतर

वेर्नरचे पाय सुजून बुटात मावेनासे झाले होते आणि ड्रॅगन अजून जिवंत होता.

"उठा आता," डोर्टे म्हणाली. वृद्धाश्रमातली ही परिचारिका येता-जाता हेच म्हणायची. "पाणी प्या, बागेत एक फेरी मारा. ड्रॅगन कुठे पळून जात नाही."

"तो नाही जात. मी जाईन," वेर्नर म्हणाला आणि टीव्हीवरची नजर न हलवता त्याने बिस्किट तोंडात कोंबलं.

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. फार लांबचे बेत आखू नका, असं हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला वसंतातच बजावलं होतं. त्यावर त्याने त्याच आठवड्यात हा गेम सुरू केला. धडधाकट माणसालाही महिनोन्‌महिने पुरणारा. डेन्मार्कमधल्या एस्बिएर बंदरात उभी हयात मासेमारीच्या बोटीवर काढलेल्या या कप्तानाने काहीच अर्धवट सोडलं नव्हतं. लग्न तेवढं अर्धवट राहिलं होतं, पण ते त्याने नाही, बायकोने सोडलं होतं. गेम संपवायचा, मग खुशाल मरायचं, असं त्याचं ठरलं होतं.

पंचाईत झाली होती आश्रमातल्याच केटीची. दिवाणखान्यात टीव्ही एकच, आणि तिचाही हाच गेम चालू. केटीने आयुष्यभर बायकांचे केस कापले होते आणि त्यांच्या गप्पा ऐकल्या होत्या. गेममध्येही ती तेच करायची. प्रत्येक गावात थांबायची, प्रत्येक म्हातारीशी बोलायची, नदीकाठी मासे पकडत बसायची. त्यातही थोडं खेळून झालं की कंट्रोलर ठेवून अंगणात जायची आणि डोर्टेची नजर चुकवून सिगारेट ओढून यायची.

"अगं, तू जग वाचवायला निघालीयेस की भाजी आणायला?" वेर्नर विचारायचा.

"जग थांबतं रे. तू ऊठ, नाहीतर खुर्चीसकट पुरावं लागेल तुला."

त्या दिवशी ड्रॅगनने वेर्नरला पुन्हा जाळलं. त्याची बोटं आखडली होती. ढालीऐवजी त्याने चुकून पाठीवरची पिशवी उघडली होती आणि ऐन आगीत त्याचा योद्धा चीज खात उभा राहिला होता. वेर्नर शिवी हासडून ताडकन उठला. म्हणजे वरचा वेर्नर उठला. पाय न्याहारीपासून बसून बधिर झाले होते, ते झोपलेलेच राहिले. तो थेट समोरच्या टेबलावर कोसळला, आणि टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता. डोर्टेने त्याला गंभीर चेहऱ्याने खोलीत नेलं, मिशीतलं क्रीम पुसलं, डॉक्टरांना फोन केला. मग बाहेर जाऊन ती इतकी हसली की वेर्नरला बिछान्यात ऐकू आलं.

आठवडाभर पाय उशीवर ठेवून पडून राहायची शिक्षा झाली. तो परत आला तेव्हा केटी खेळत होती. तिचा योद्धा त्याच गुहेत शिरला, ड्रॅगनच्या सांगाड्यावरून उडी मारून पुढे गेला, गेम जिथे संपतो त्या शेवटच्या सोनेरी दारापाशी पोचला, आणि माघारी फिरून नदीकडे चालू लागला.

वेर्नर पाहतच राहिला. "हा मेलाय!"

"हो ना. मागच्या हिवाळ्यात."

"कुणी मारला?"

"मी मारला, आणखी कोण मारणार? बोटं आखडली की उठायचं, बाहेर जाऊन यायचं. दोन-तीनदा जाऊन आले, तेवढ्यात आटोपला."

वेर्नरने तोंड वाकडं केलं. पण दुसऱ्या दिवसापासून तो हरला की मुकाट्याने उठायला लागला. बंदरापर्यंत जाऊन नव्या कप्तानांना नावं ठेवून यायचा. दुपारी राय धान्याच्या पावावर हेरिंग मासा खाऊन डुलकी काढायचा. सूज उतरली, बूट पायात गेले. आणि एका सकाळी ड्रॅगन असा काही निमूटपणे मेला, की वेर्नरला त्याची दयाच आली.

बातमी पसरली. म्हातारेकोतारे खुर्च्या ओढून जमले. वेर्नर खोलीत जाऊन कपडे बदलून आला. स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी इस्त्री करून ठेवलेला काळा कोट त्याने चढवला होता. डोर्टेने सगळ्यांसाठी कॉफी आणली. पडद्यावर सोनेरी दार झळकत होतं. वेर्नरने बटणावर अंगठा ठेवला.

"थांब," केटी म्हणाली.

"का? पोटात दुखतंय? तू तर इथपर्यंत येऊन घाबरून परत जातेस."

"घाबरते खरी," केटी म्हणाली. "तुझ्या आधी या टीव्हीवर तिघांनी ते दार उघडलं. पहिला आल्फ्रेड. मग एब्बा. आणि तिसरा, तुझ्या खोलीत तुझ्याआधी जो राहायचा तो. तिघांचीही खोली त्याच आठवड्यात रिकामी झाली."

वेर्नरने अंगठा अलगद उचलला.

"आधी कॉफी घेऊ सगळे," तो म्हणाला. "घाई काय आहे?"