पाण्याची धास्ती

तांदळेकाकांच्या घरात आग लागल्याचं कळताच हेमांगी भरलेली बादली घेऊन शेजारी धावली. मजल्यावरची बाकीची माणसंही बादल्या घेऊन दाराशी उभी होती. पाणी मात्र कोणीच ओतत नव्हतं.

"हेमांगी, ओत गं लवकर. मला बाहेर यायला वाट नाही," धुरातून काकांचा आवाज आला.

तिनं बादली उचलली आणि तिच्या छातीत धडकी भरली. ही धास्ती तिच्या चांगल्या ओळखीची होती. पाणी वाचवायचा उपदेश केला तर माणसं ऐकत नाहीत आणि दंड लावला तर चोरून पाणी वापरतात, हे मानसशास्त्रज्ञ म्हणून तिनं कितीतरी वर्षं पाहिलं होतं. म्हणून तिच्याच संशोधन गटानं एक लस बनवली. पाणी सांडायच्या नुसत्या विचारानं जिवाचा थरकाप उडावा, एवढंच त्या लसीचं काम. साऱ्या शहरानं ती टोचून घेतली, हेमांगीनंही. त्यानंतर धरण कधी आटलं नाही.

"ओततेय, काका," ती म्हणाली, पण बादली कलंडेना.

अग्निशमन दलाची गाडी आली. जवानानं नळी आगीकडे धरली, पण त्यालाही झडप उघडवेना.

"ताई, आत नक्की कोणी आहे ना?" त्यानं विचारलं. "नाहीतर पाणी वाया जायचं."

आतून हाका येणं थांबलं होतं. हेमांगीनं बादली जपून खाली ठेवली.

"आता नसावं कोणी," ती म्हणाली, आणि तिच्या छातीतली धडधड हळूहळू शांत झाली.