दोन मिनिटांत लसूण

मेघना घरकामाच्या युक्त्यांचे व्हिडिओ टाकायची. त्यात ती चेहरा दाखवायची नाही, नाव सांगायची नाही. फक्त हात दिसायचे. नवऱ्याच्या माराला कंटाळून काळाचौकीतल्या एका चाळीत मैत्रिणीकडे येऊन राहिली होती, आणि हा पत्ता तिने माहेरीही कळवला नव्हता.

आज तिने लसूण तेल चोळून उन्हात ठेवला, मग सुपात घोळून पाखडला. दोन मिनिटांत सगळी सालं उडाली.

संध्याकाळी पहिली कमेंट आली.

"माझ्या आईची ही युक्ती अजून विसरली नाहीस."

ती व्हिडिओ काढून टाकतेय, तोवर दुसरी आली.

"मागून स्पीकरवर मंडळाचं नाव ऐकू आलं. गणपतीत चाळीतली दारं दिवसभर उघडीच असतात, ना गं?"