धोंडुबाईंचा फ्लेक्स

“आयुष्यभर उंबरा न ओलांडता संसार सांभाळणारी माउली,” आकारामनं टाइप केलेली ओळ मोठ्यानं वाचली. “बरोबर हाय न्हवं, साहेब?”

“बरोबर,” गणपतराव म्हणाले.

“साफ चूक हाय,” अनुजा म्हणाली.

लक्ष्मीपुरीतल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात तिघंच होते. धोंडुबाई काल सकाळी गेल्या होत्या, नव्वदाव्या वर्षी. उद्या रक्षाविसर्जन. त्याआधी फ्लेक्स हुपरीच्या स्टँडवर आणि गुजरीतल्या घरच्या चांदीच्या दुकानासमोर लागायला हवा होता. गणपतराव त्यांचा एकुलता मुलगा, सत्तरीला आलेला. अनुजा गणपतरावांची मुलगी, म्हणजे धोंडुबाईंची नात.

“आज्जी उंबऱ्याच्या आत कधी हुती, आबा? काका, खोडा ती ओळ.”

“राहू दे,” गणपतराव म्हणाले.

आकारामनं की-बोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. पूर्वी तो ब्रशनं पाट्या रंगवायचा. शोकाच्या मजकुरावरून घरंच्या घरं भांडताना त्यानं पाहिली होती.

नवरा गेला तेव्हा धोंडुबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. घरात चांदीचे पैंजण घडवणारे दीर होते, पण माल घेऊन परमुलखात विकायला जाणारा नवरा एकटाच होता. चौदाव्या दिवशी त्यांनी पैंजणांचे पुडे पोटाशी बांधले, वरून लुगडं नेसल्या आणि मिरजेहून बंगळूरकडची गाडी धरली. पुढं तीस वर्षं त्या फिरत होत्या. जातील तिथली भाषा शिकल्या. पाठीमागं अडाणी बाई म्हणून कुणी हसलं, तर त्याच्याच भाषेत त्याला उत्तर द्यायच्या.

“सगळी हुपरी ओळखती तिला,” अनुजा म्हणाली. “स्टँडवर उभं राहून लोक हे वाचतील आणि हसतील. आणि का लपवायचं? तिनं चोरी केली?”

“फिरस्ती बाई म्हणून लिहू? पाहुणे येणार उद्या. तुझ्या सासरचे येणार.”

“येऊ द्या की. त्यांनाबी कळू दे, मी कुणाची नात हाय ते.”

“अनुजा, तुला काय म्हाईत न्हाई.” गणपतरावांचा आवाज एकदम खाली आला. “तू बघितलीस ती म्हातारी झालेली आज्जी. मी सहा वर्षांचा हुतो. गेली की चार-चार म्हैने यायची न्हाई. गोवर आला तवा न्हवती. पडून हात मोडला तवा न्हवती. शाळेत पोरं म्हणायची, तुझी आई पळून गेली. मग मी सांगायचो, न्हाई, घरातच हाय. आजारी हाय, उंबऱ्याच्या भाईर येत न्हाई.”

स्क्रीनवरच्या ओळीकडं त्यांनी पाहिलं.

“तवापास्नं भाईरच्या लोकांस्नी तेच सांगत आलोय,” ते म्हणाले.

अनुजाचे डोळे भरून आले. पण ती खुर्चीवरून हलली नाही.

“तिला ठाऊक हुतं? तुम्ही असं सांगता ते?”

“मी चौथीत हुतो तवा कळलं तिला. दुसऱ्या दिवशी शाळेत आली. गुरुजी वर्गात हुते. त्यांना म्हणाली, दोन मिन्टं द्या. भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा हुता. तिला वाचता येत न्हवतं. गुरुजींनाच गावं दाखवायला लावली. त्यांनी बोट ठेवलं की ती वर्गाकडं तोंड करून सांगायची, हितं कोण भेटलं, हितं काय खाल्लं, हितं चोर मागं लागला तर त्याला कसा हाणला. आणि शेवटी म्हणाली, पळून गेलेली बाई परत येत न्हाई रं पोरांनो. मी दर बारीला येते.”

“आणि तुम्ही?”

“मी बाकाखाली लपलो हुतो.”

बाहेरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. मग अनुजा म्हणाली, “आबा, तुम्ही लहान हुता. तवाचं सोडा. पण ही ओळ आज लावली, तर मी उद्या सगळ्यांच्या देखत फाडणार. आधीच सांगून ठेवते.”

गणपतराव तिच्याकडं बघत राहिले. असं हनुवटी वर करून घरात एकच बाई बोलायची.

“आकाराम,” ते म्हणाले, “खोड ते.”

आकारामनं ओळ खोडली. “मग काय लिहू?”

गणपतराव उठून उभे राहिले. “लिही. हुपरीच्या चांदीच्या पहिल्या फिरत्या महिला व्यापारी. सेलम. मदुराई. त्रिची. विजयवाडा.” कुठंही न अडखळता ते सांगत होते, जशी ती नावं त्या दिवशी बाकाखाली एकामागून एक कानावर पडली होती तशी. “कटक. कानपूर. आग्रा. मथुरा. राजकोट.”

“साहेब, मावत न्हाई एवढं,” आकाराम म्हणाला. “चार ठेवू आणि पुढं ‘इत्यादी’ लिहू?”

“इत्यादी न्हाई. एकबी गाव गाळायचं न्हाई.”

“मग अक्षर लई बारकं हुईल. रस्त्यावरनं दिसायचं न्हाई.”

“बारकं कशाला?” गणपतराव म्हणाले. “फ्लेक्स मोठा कर की!”